बागेचा वारस

जमीनजुमल्याला वारस मिळणे सोपे असते. सातबाऱ्यावर नाव चढले की झाले. बागेची गोष्ट निराळी. तिला रोज कुणीतरी पाणी घालावे लागते, आणि ते काम काही तलाठी करीत नाही!

हा विचार मला सुचला तो विलायतेत. यंदा मेच्या सुटीत आम्ही उभयता ब्रिस्टॉलला माझ्या धाकट्या भावाकडे गेलो होतो. तिकडे रविवार उजाडला की कुटुंबेच्या कुटुंबे डबे बांधून जुन्या जमीनदारांच्या बागा पाहायला निघतात. आपण देवदर्शनाला निघतो तशी. भावजयीने दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासभर चहा बरोबर घेतला आणि आम्ही सहाजण विल्टशर परगण्यातल्या स्टाउरहेडला जाऊन पोचलो.

बाग म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे वाफे, कुंड्या आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी येते. इथे यातले काहीच नव्हते. होते ते एक मोठे तळे, त्याच्याभोवती चढउताराची पायवाट, आणि वळणावळणावर झाडांतून डोकावणारे एखादे रोमन धाटणीचे देऊळ. एक देऊळ दिसावे, झाडांनी ते लपवावे, आणि आपण ते विसरतो न विसरतो तोच पाण्यापलीकडे पुन्हा समोर यावे, अशी सारी योजना. मुलांना सर्वांत आवडली ती गुहा. आत अंधार, गारवा आणि निजलेल्या जलदेवतेच्या मूर्तीपाशी झुळझुळणारे झऱ्याचे पाणी. पुलाजवळ एक उंच, कोरीव दगडी क्रॉस आहे. तो मूळचा ब्रिस्टॉलचा, आणि 1764 साली इथल्या मालकाला मिळाला, हे कळताच माझी दहा वर्षांची भाची रागावली. “आत्या, म्हणजे हा आमचा आहे!” तो परत मागण्याचा तिचा बेत दशम्या निघेपर्यंत टिकला.

हे सारे निसर्गाचे वाटते. पण ते तळेसुद्धा माणसाने केलेले आहे. लंडनच्या होअर पेढीचा मालक हेन्री होअर याने दरीला बांध घालून पाणी अडवले. 1743 साली त्याची बायको वारली. त्यानंतरच्या वर्षांत त्याने एकेक देऊळ उभे केले. डोंगरउतारांवर झाडे लावली. झाडे लावणारा मनात कुणाचे तरी नाव धरून असतो. पण त्याचा मुलगा 1752 साली इटलीत, नेपल्स येथे वारला. पुढे दोन्ही मुलीही बापाच्या आधी गेल्या. 1785 साली हेन्री वारला तेव्हा त्याच्यामागे बाग सांभाळायला उरला तो मुलीचा मुलगा, रिचर्ड कोल्ट होअर. या नातवाने आजोबांची बाग जशीच्या तशी ठेवली नाही. त्यांचा तुर्की तंबू त्याने काढून टाकला आणि नव्या जातीची झाडे आणून लावली. मे महिन्यात तळ्याकाठी फुलणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनची सुरुवात त्याचीच. पण त्यालाही एकुलत्या एका मुलाचा मृत्यू पाहावा लागला.

पुढची गोष्ट सहाव्या बॅरोनेट सर हेन्रींची. 1902 साली वाड्याला आग लागली. त्यांनी तो पुन्हा बांधला. इस्टेट एकुलत्या एका मुलाच्या, हॅरीच्या हाती सोपवायची होती. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि डिसेंबर 1917 मध्ये अलेक्झांड्रियाला वारला. अखेर 1946 साली म्हाताऱ्याने वाडा आणि बाग नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पतिपत्नी दोघेही एकाच दिवशी गेली.

आम्ही तळ्याकाठी दशम्या खात बसलो होतो. शेजारी एक आजी नातवाला बदके दाखवीत होत्या. त्या नातवाचा आणि होअर घराण्याचा काय संबंध? पण ज्या झाडाखाली तो पहुडला होता, ते कुणीतरी एका नातवासाठीच लावलेले असणार.

तेवढ्यात भाऊ हळूच म्हणाला, “ताई, आपल्या वाडीचं काय करायचं?”

गुहागरकडे आमची माहेरची वाडी आहे. आंबे, फणस, दोन रातांबे आणि एक विहीर. आंब्याची कलमे आजोबांच्या हातची. वडील गेल्यापासून घराला कुलूप आहे. मुंबईचे एक गृहस्थ वाडी विकत मागताहेत, आणि त्यासाठी माझी सही हवी आहे. भावाचे म्हणणेही खोटे नव्हते. “मी इथं, तू पुण्यात. बघणार कोण?”

भाचीने विचारले, “तिथं तिकीट किती असतं?”

आम्ही सारे हसलो. भाऊ मात्र मध्येच हसायचा थांबला. आजोबांच्या कलमांखाली जायला आपल्या लेकीला तिकीट लागेल असे तिला वाटावे, हे त्याच्या जिव्हारी लागले असावे.

आमच्या वाडीला कुठलाही ट्रस्ट घेणार नाही. तिथे रोमन देवळे नाहीत. तूर्त आम्ही एवढेच ठरवले: सही पाच वर्षे करायची नाही. गड्याचा पगार दोघांनी निम्मानिम्मा द्यायचा. गावच्या शाळेतली पोरे आंबे पाडतात, ती पाडू देत. आणि दरवर्षी मेमध्ये चारही पोरांनी आठ दिवस तिथे राहायचे, विहिरीचे पाणी शेंदायचे. पाच वर्षांनी त्यांना वाडी नकोशी झाली, तर मी मुकाट्याने सही करीन. न पाहिलेली वाडी नको म्हणण्याचा अधिकार मात्र त्यांना देणार नाही.

वाचकहो, दिवाळीला तुम्ही गावी जालच. फराळाचे डबे उघडण्यापूर्वी मुलांना एकदा परसात घेऊन जा, आणि कुठले झाड कुणी लावले ते नावानिशी सांगा.