नसलेल्या भांड्याला कल्हई

इंग्रजी शब्दांशी आमचे वैर नाही. ते परवडणारही नाही. ज्याचा दिवस 'लॉगिन'ने उजाडतो आणि 'लिंक फेल'ने मावळतो, त्या बँकेतल्या कारकुनाने भाषाशुद्धीचा झेंडा खांद्यावर घेणे म्हणजे हलवायाने साखरेविरुद्ध मोर्चा काढणे. आमच्या स्लिपवर सावरकरांचा 'दिनांक' आणि साहेबाचा 'चेक' शेजारीशेजारी सुखाने नांदतात. नांदोत बापडे.

पण एका शब्दाशी मात्र आमचे भांडण आहे. तो शब्द 'ब्रश-अप'.

मुळात शब्द साधा आहे, सुटाबुटातला नाही, घरगुती आहे. पूर्वी येत होते पण मध्यंतरी धूळ खात पडले, ते झटकून पुसून पुन्हा वापरात आणायचे, एवढाच त्याचा अर्थ. साहेब 'फ्रेंच ब्रश-अप करतो' म्हणाला, तर त्याला कधीकाळी फ्रेंच येत होते असे समजावे. 1948 सालच्या 'किस मी, केट' या अमेरिकन संगीत नाटकात कोल पोर्टरने दोन गुंडांच्या तोंडी एक गाणे घातले आहे. बायकांवर छाप पाडायची तर शेक्सपिअर ब्रश-अप करा, असा त्यांचा सल्ला. बरोबरच आहे. छाप पाडायला ब्रश पुरतो. काम करायला पुरत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात या शब्दाचे काय झाले पाहा. ज्याचे इंग्रजी 'माय नेम इज'च्या पुढे कधी सरकलेले नाही, असा पोरगा खोपोलीच्या कारखान्यात इंटरव्ह्यूला जाण्याच्या आदल्या दिवशी विचारतो, "काका, जरा इंग्लिश ब्रश-अप करायचंय, कुठे होईल?" अरे बाबा, ब्रश मारायला आधी दात तरी यायला हवेत!

पोराचे सोडा. वरच्या ऑफिसांनी तर हा शब्द दत्तकच घेतला आहे. नवे सॉफ्टवेअर सोमवारी चालू व्हायचे असते. ते आम्ही कोणी जन्मात पाहिलेले नसते. मग रविवारी दोन तासांचे 'ब्रश-अप सेशन' होते. एक तास प्रास्ताविक, अर्धा तास प्रोजेक्टर लागत नाही, आणि उरलेल्या अर्ध्या तासात चहा, बिस्किटे व 'एनी क्वेश्चन्स?'

आम्ही बी.कॉम. माणसे. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले आहे की, घसारा काढायचा तर मालमत्ता आधी पुस्तकात असावी लागते. जी खुर्ची विकतच घेतली नाही, तिचा घसारा कुठून काढणार? तसेच जी विद्या दिलीच नाही, तिच्यावरची धूळ कशी झटकणार? पण इथेच खरी मेख आहे. 'शिकवले नाही' म्हटले, की दोष शिकवणाऱ्याचा. 'ब्रश-अप केले' म्हटले, की दोष विसरणाऱ्याचा. एका शब्दात खर्च यांच्या खात्यातून निघाला आणि आमच्या नावे पडला! असली जमाखर्चाची हातचलाखी आम्ही केली, तर दुसऱ्या दिवशी मेमो येईल.

"शब्दाने काय बिघडतं हो?" असे कोणी विचारील. मंगळवारी काउंटरवर येऊन बघा. डोंगराकडच्या वाडीवरून म्हातारी आलेली असते. भातलावणी करून करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे आधारच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. अशा वेळी नव्या स्क्रीनवर कुठे शिरून दुसरा मार्ग काढायचा, हे रविवारच्या ब्रशाने सांगितलेले नसते. म्हातारी म्हणते, "बघ रं बाबा, काल आली तवाबी असंच झालं." दोन दिवसांची मजुरी आणि चार वेळचे गाडीभाडे, हा त्या ब्रशाचा खर्च. तो कुठल्याच अहवालात येत नाही. अहवालात येते, 'सर्व कर्मचाऱ्यांचे ब्रश-अप पूर्ण'.

बरे, आपल्या भाषेत शब्द नाही म्हणावे, तर तसेही नाही. उजळणी! केवढा लख्ख शब्द! सरकारी मराठीतसुद्धा 'रिफ्रेशर कोर्स'ला उजळणी पाठ्यक्रम म्हणतात. आमच्या आजोबांच्या पिढीत तिन्हीसांजेला शुभंकरोती झाले, की परवचा सुरू व्हायचा. पाढे, पावकी, निमकी, सारे रोजच्या रोज. आधी गुरुजींनी पाटीवर शिकवलेले असायचे, मग उजळणी. हा क्रम कोणी उलटा केला नाही. कल्हईवालासुद्धा आधी भांडे मागतो. ते भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो, कथील लावून कापसाने फिरवतो, तेव्हा कुठे चकाकी येते. नसलेल्या भांड्याला कल्हई लावून देतो म्हणणारा अजून आमच्या आळीत आलेला नाही. तो वरच्या ऑफिसात आहे.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. येत नसेल तर शिकवा, आणि त्याला शिकवणेच म्हणा. विसरलो असू तर उजळणी घ्या, आम्ही पाटी घेऊन बसू. यासाठी परदेशी तज्ज्ञ बोलवायला नको, कर्जत स्टेशनावर या. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला, काही नव्या गाड्या सोडल्या तर, इथे मागून जादा इंजिने लागतात. त्यांना रेल्वेवाले 'बँकर' म्हणतात. पुढे बोरघाटाचा चढ आहे, सदतीस फुटांना एक फूट. बँकर त्या गाडीला पार लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतो. एक धक्का मारून 'ऑल द बेस्ट' म्हणत पळसदरीला उतरून जात नाही. आमच्या तालुक्यात एवढे एकच बँकर असे आहेत, की ज्यांना ट्रेनिंगचा अर्थ कळला आहे.