सेल्फ घेते, पण पेटत नाही!

भाऊबीजेच्या सकाळी कोणाशी भांडू नये, असा आमच्या घरचा जुना दंडक आहे. मोटारीशी भांडू नये, असे मात्र कोणी सांगून ठेवलेले नव्हते. गेल्या भाऊबीजेला मी साडेआठपासून सव्वाअकरापर्यंत मोटारीशी भांडलो आणि शेवटी चूक माझीच निघाली. सांगायला लाज वाटते. पण दिवाळी अंकाचे वाचक म्हणजे घरचीच माणसे. त्यांच्यापुढे कसली लाज?

मोटार म्हणजे पद्मिनी. वडिलांनी १९८६ साली घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, चार सिलिंडरची. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी निरोप घेऊन गेली. आमची मात्र पार्ल्याला आमच्या इमारतीखाली अजून उभी असते. ‘उभी’ हा शब्द चिरंजीवांचा. माझ्या मते ती ‘असते’.

दसऱ्याला ती हलली नव्हती. पावसाळाभर न चालवल्याने बॅटरी उतरली होती. चिरंजीव तेव्हा म्हणाले, “बाबा, आता आणखी एकदा अडली, की भंगारात.” मीही ताठ्यात ‘कबूल’ म्हणून बसलो. नवी बॅटरी आणली, पाडव्याच्या संध्याकाळी पाइप लावून स्वतःच्या हाताने मोटार धुतली आणि निर्धास्त झोपलो.

ठाण्याला नौपाड्यात माझी थोरली बहीण राहते. वय एक्याऐंशी. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. वर्षातून एकदाच, ओवाळून झाले की ती पद्मिनीत पुढच्या सीटवर बसते आणि आम्ही तलावपाळीला एक फेरी मारून येतो. वडील असताना ते न्यायचे, आता मी नेतो. दुसऱ्या मोटारीत ती बसत नाही असे नाही. पण त्या मोटारीतून उतरल्यावर डोळे पुसत नाही, एवढेच.

तर साडेआठला मी किल्ली फिरवली. सेल्फ असा खणखणीत लागला की मन प्रसन्न झाले. इंजिन गरगर फिरले, फिरत राहिले आणि पेटले काही नाही. चोक ओढला, पुन्हा सेल्फ. पॅडल चार वेळा दाबले, पुन्हा सेल्फ. नुसती घरघर.

पाच मिनिटांत सोसायटीतली तज्ज्ञ मंडळी जमली. एक म्हणाले, “धक्का मारू या.” आता धक्का हा बॅटरी उतरल्यावरचा उपाय. इंजिन फिरावे म्हणून धक्का मारायचा. आमचे तर आपणहून फिरत होते! पण भाऊबीजेचा उत्साह. फाटकापर्यंत धक्का मारून झाला. मोटार तशीच, मंडळी घामाघूम.

मग मी गुन्हेगार शोधला. आमच्या मिस्त्रींनी महिन्यापूर्वी कार्ब्युरेटर साफ केला होता. ते दिवाळीला गावी गेलेले. मी त्यांना फोन लावला आणि सणाच्या दिवशी नको ते बोललो. “कार्ब्युरेटर बिघडवून ठेवलात,” असे स्पष्टच म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, एक प्लग खोलून बघा. ओला आहे का कोरडा?” मी रागाने फोन ठेवला, पण प्लग मात्र खोलला. पेट्रोलने चिंब ओला!

तेवढ्यात ठाण्याहून फोन. “निघालास का रे?”

“निघतोच आहे, ताई,” मी म्हणालो. दहा वाजले होते.

आमची सौ. चहा घेऊन खाली आली. तिने नाकाला पदर लावला. “अहो, केवढा हा पेट्रोलचा वास!”

“येणारच. कार्ब्युरेटर बिघडलाय.”

“वास येतोय म्हणजे पेट्रोल पोचतंय. मग जे पोचत नाही ते बघा ना! ओल्या हाताने धरून लायटर भिजला, की शेगडी अशीच करते. गॅस येत असतो, लायटर नुसता टकटकतो.”

बायको स्वयंपाकघरातले उदाहरण देते तेव्हा नवऱ्याने हातातला पाना खाली ठेवून ऐकावे, हे मी अनुभवाने शिकलो आहे. पेट्रोल, हवा आणि वेळेवर ठिणगी, एवढ्यावर हे इंजिन चालते. पैकी पेट्रोल नको इतके पोचले होते. पॅडल मारमारून ती माझीच कृपा. राहिली ठिणगी.

प्लग पुसून परत बसवला. सांडलेले पेट्रोल पुसले, बॉनेट उघडे टाकून वाफ पुरती उडेपर्यंत थांबलो. पेट्रोलच्या वासात ठिणगी पाहू जाणे म्हणजे दिवाळीचा शेवटचा फटाका. मग डिकीतला जुना सुटा प्लग काढला. एका प्लगची वायर काढून त्याला लावली, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवला आणि हात न लावता चिरंजीवांना सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी नाही. मग कॉईलमधून डिस्ट्रिब्यूटरच्या मधोमध येणारी जाड वायर काढून तोच प्लग तिला लावला. पुन्हा सेल्फ. टक्, टक्, टक्! निळी, झणझणीत ठिणगी.

म्हणजे कॉईल ठीक, पॉइंट ठीक, कंडेन्सर ठीक. ठिणगी डिस्ट्रिब्यूटरच्या दारापर्यंत येत होती आणि आत हरवत होती. चिरंजीव हात धुवायला वर गेले. मी डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीचे दोन चापे सोडले, वायरी तशाच ठेवून टोपी उलटी केली आणि थिजलोच.

आत पाणी. दवासारखे थेंब, सगळीकडे. बारा व्होल्टच्या बॅटरीवरून कॉईल हजारो व्होल्ट तयार करते. रोटर फिरत फिरत तो दाब एकेका प्लगला वाटतो. पहिला, तिसरा, चौथा, दुसरा असा क्रम. पण टोपी आतून ओली असली, की विजेला ओलाव्यातून पळवाट सापडते. प्लगपर्यंत जायचे कष्ट ती कशाला घेईल?

पाणी कुठून आले, हे विचारायची गरज नव्हती. पाडव्याच्या संध्याकाळी मोटार धुताना, दिसते कोणाला म्हणून न सोडता, मी बॉनेट उघडून इंजिनावरही पाइप धरला होता.

खरे सांगतो, त्या क्षणी आजूबाजूला कोणी नव्हते. टोपी पुसावी, मोटार चालू करावी आणि ‘कार्ब्युरेटरात कचरा होता’ म्हणावे, हे माझ्या मनात आले. अट मोटारीबद्दल होती, माझ्याबद्दल नव्हती. आणि मिस्त्री दूर गावी.

टोपी कोरड्या फडक्याने पुसली, रोटर पुसला, दोन्ही दहा मिनिटे उन्हात ठेवले. चिरंजीव खाली आले. मी म्हणालो, “मोटार अडली नाही. मी अडवली. काल इंजिनावर पाणी मारलं.” त्यांनी टोपी हातात घेतली, उन्हात धरून पाहिली आणि काही न बोलता जागेवर बसवली.

आतले जादा पेट्रोल निघून जावे म्हणून चोक आत ढकलला, पॅडल पूर्ण दाबून धरले आणि सेल्फ मारला. दोन वेळा खोकली, तिसऱ्यांदा पेटली. मागून काळा धूर निघाला. अगरबत्तीसारखा वाटला मला!

निघण्यापूर्वी मिस्त्रींना फोन केला. माफी मागितली. ते हसून म्हणाले, “साहेब, टोपी आतून पुसलीत ना? मग झालं.” एवढ्यावर त्यांनी मला सोडले, मीच मला अजून सोडलेले नाही.

ठाण्याला पोचायला साडेबारा झाले. ताई दारात खुर्ची टाकून बसली होती. ओवाळताना तिने माझे काळे हात पाहिले.

“बाबांचेही असेच असायचे,” ती म्हणाली.

तलावपाळीला त्या दिवशी आम्ही दोन फेऱ्या मारल्या. दुसरी फेरी चिरंजीवांनी चालवली. मोटारीच्या भंगाराचा विषय परत निघालेला नाही. मात्र पाण्याचा पाइप त्यांनी कुठे ठेवला आहे, ते मला अजून सापडलेले नाही.