ऐकणाऱ्या यंत्राची देखभाल

आपल्याकडे निर्मितीविषयी जेवढे बोलले जाते तेवढे देखभालीविषयी बोलले जात नाही. नियतकालिकाच्या पहिल्या अंकाचे प्रकाशन होते. एकोणिसावा अंक वेळेवर निघावा म्हणून वर्गणीदारांचे पत्ते लिहीत बसलेला माणूस कुणाच्या स्मरणात राहत नाही. ग्रंथालयाच्या उद्घाटनाची कोनशिला असते. कपाटांना वाळवी लागू नये म्हणून वर्षानुवर्षे झटणाऱ्याची नसते. हा विचार आमच्या मनात पक्का झाला तो मात्र पुस्तकांमुळे नव्हे, तर एका जुन्या रेडिओ रिपीटरमुळे. सह्याद्रीतल्या एका टेकडीवर असलेला हौशी रेडिओचा हा रिपीटर चालू ठेवण्याच्या खटपटीत आम्ही चारपाच जण गेली काही वर्षे आहोत.

विषय अपरिचित असणाऱ्यांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेल्या हौशी मंडळींना, म्हणजे 'हॅम'ना, आपल्या देशात जे लहरींचे पट्टे वापरता येतात त्यांपैकी एक १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपले. हातात मावणाऱ्या पाच वॅटच्या संचाचा आवाज वस्तीतून जेमतेम काही किलोमीटर पोचतो. रिपीटर उंचावर बसून हा क्षीण आवाज एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर, अधिक शक्तीने, पुन्हा उच्चारतो. या दोन वारंवारतांत प्रथेप्रमाणे ६०० किलोहर्ट्‌झचे अंतर असते. डोंगराच्या दोन बाजूंची, एरवी एकमेकांना कधीच ऐकू न येणारी माणसे त्यामुळे बोलू शकतात. रिपीटर स्वतःचे असे काही बोलत नाही. ठरावीक वेळाने आपले संकेतनाम तेवढे सांगतो.

'त्याच क्षणी' या दोन शब्दांत सगळी अडचण आहे. आमचा संच मुळात २५ वॅटचा, आणि त्याच अँटेनावरून तो पाव मायक्रोव्होल्टचा आवाज ऐकू पाहतो. या दोन शक्तींचे गुणोत्तर काढले तर दोनावर सोळा शून्ये इतके भरते. स्वतः ओरडत असताना दूरच्या माणसाची कुजबुज ऐकावी, तसे हे आहे. ते साधते डुप्लेक्सरमुळे. सुमारे अर्धा मीटर उंचीची, धातूची पोकळ नळकांडी एकेका वारंवारतेला जुळवलेली असतात आणि ती रिपीटरचा स्वतःचा आवाज त्याच्याच कानापर्यंत पोचू देत नाहीत. ही जुळवणी बिघडली की रिपीटर वरकरणी ठणठणीत दिसतो, त्याचा आवाजही दूरवर खणखणीत ऐकू येतो. फक्त त्याला दूरचे कुणी ऐकू येत नाही. हॅम मंडळींच्या बोलीत अशा रिपीटरला मगर म्हणतात: तोंड मोठे, कान लहान. समीक्षेच्या अभ्यासकांना अशा मगरी आपल्याही प्रदेशात भेटल्या असतील. तूर्त तो विषय नाही.

पैशाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. हौशी रेडिओसेवेची आंतरराष्ट्रीय व्याख्याच आर्थिक लाभाचा हेतू वगळणारी आहे. रिपीटरवर जाहिरात चालत नाही, बोलण्याचे शुल्क घेता येत नाही. राहते ती वर्गणी. ही चणचण आजची नव्हे. अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांत हौशींचे अनेक रिपीटर उभे राहिले ते टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांतून निवृत्त झालेल्या संचांवर. आमचा रिपीटरही गाडीत बसवायचे दोन जुने संच एकमेकांना जोडूनच तयार झाला. दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूला नवे काम शोधून देणे हा या छंदाचा जुना स्वभाव आहे.

थोडक्या पैशांत पहिला खर्च कशावर करावा, हे आम्ही चुका करत शिकलो. आमचा पहिला कल संचाकडे होता, कारण दिसतो तो संच. वस्तुतः पहिला पैसा केबल आणि तिच्या जोडांवर खर्च व्हायला हवा. सह्याद्रीच्या पावसात जोडाला केसाएवढी फट राहिली तरी पाणी केबलमध्ये शिरते आणि वरून आलेला क्षीण आवाज वाटेतच जिरतो. जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळणे आणि केबल खोलीत शिरण्यापूर्वी तिला खालच्या बाजूस एक झोळ देणे, म्हणजे पाणी त्या झोळावरून खाली ठिबकते, हे उपाय जवळजवळ फुकट आहेत. परंतु ते मे महिन्यात करावे लागतात. जुलैत आठवण होऊन उपयोग नसतो.

दुसरा पैसा बॅटरीवर. तिची मुदत संपत आली की ती दिवसभर ठीक वाटते आणि वीज गेल्यावर, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, मान टाकते. उलट संचाच्या बाबतीत आम्ही खर्च न वाढवता शक्तीच कमी केली: २५ वॅटवरून १२ वॅटवर आणली. निम्मी शक्ती म्हणजे तीन डेसिबलची घट; बहुतेकांना फरक जाणवलाही नाही. बॅटरी मात्र अधिक तास पुरू लागली आणि संच तापेनासा झाला. आवाज निम्मा करून आयुष्य वाढवता येते, हे ज्ञान आम्हांला चाळिशीनंतर आणि एका यंत्राकडून मिळाले.

तरीही आमच्याकडची सर्वांत मौल्यवान वस्तू यांपैकी कोणतीच नाही. ती आहे एक दोनशे पानी वही. कोणत्या तारखेला कोण वर गेले, काय बिघडले होते, कोणता कपॅसिटर सुकला होता, गांधीलमाश्यांचे पोळे कुठे होते, नळकांड्याचा स्क्रू किती फेरे फिरवला, हे सारे तीत आहे. तिचे बहुतेक लेखन ज्यांनी केले ते आज हयात नाहीत. हॅम मंडळी दिवंगत सहकाऱ्याला 'सायलेंट की' म्हणतात: मोर्सची कळ मूक झाली. त्यांच्यामागे जे उरले ते हे कोरडे, क्रियापदांनी भरलेले गद्य. त्यात एकही अलंकार नाही; पण ज्या बिघाडाने त्यांचे तीन रविवार खाल्ले, तो वहीमुळे आम्हांला एका सकाळी सापडला. गद्याच्या उपयुक्ततेविषयी वर्गात बोलताना आम्ही या वहीचा उल्लेख टाळत असू. आता टाळत नाही.

यावर आक्षेप ठरलेला असतो: मोबाईलच्या काळात हे कशासाठी? उत्तर म्हणून २६ जुलै २००५ चा मुंबईचा प्रलय सांगितला जातो. त्या दिवशी वीज आणि फोन दोन्ही कोलमडले होते. २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवणाऱ्या हौशी केंद्राचा दाखलाही दिला जातो. ही उदाहरणे खरी आहेत, पण आम्हांला ती पुरेशी वाटत नाहीत. पोर्ट ब्लेअरचे ते काम दूरवर जाणाऱ्या लघुलहरींचे होते. टेकडीवरच्या रिपीटरने अंदमान गाठता येत नाही. शिवाय आपत्तीच्या आशेवर जगणाऱ्या संस्थेत काहीतरी अशुभ असते. आमचे उत्तर साधे आहे. संकटात उपयोगी पडते ती सवय, आणि सवय लागते ती रोजच्या निरर्थक वाटणाऱ्या गप्पांतून. रात्री नऊ वाजता हवामान, पाठदुखी आणि सोल्डरिंग यांवर बोलणारी माणसे एकमेकांचा आवाज ओळखायला शिकत असतात.

अलीकडे आमच्यात एक मतभेद झाला. एका हितचिंतकांनी नवा डिजिटल रिपीटर देऊ केला. तो जागा कमी घेतो, वीज कमी खातो. पण त्याची खास संकेतपद्धती समजणारा संच प्रत्येकाजवळ असावा लागतो. आमच्याकडे येणारी महाविद्यालयीन मुले स्वस्तातले साधे एफएम संच वापरतात. नवे यंत्र आले असते तर ती त्याच दिवशी मुकी झाली असती. आम्ही देणगी आभारपूर्वक नाकारली. काहींना हा जुनाटपणा वाटला. जुने म्हणून जपावे, असे आमचे म्हणणे नाही. उद्या या मुलांच्या हाती दुसरे संच आले तर हा रिपीटर खाली उतरवायला आम्हीच वर जाऊ. परंतु यंत्र निवडताना ते किती नवे आहे यापेक्षा ते कुणाला ऐकते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. वाङ्‌मयीन संस्थांनाही तो विचारता येईल.

यंदा मे महिन्यात आमच्याबरोबर दोन विद्यार्थिनी वर आल्या. एकीने जोडाला टेप गुंडाळली, दुसरीने वहीत नोंद केली. नोंद फार त्रोटक झाली, असे आम्ही तिला सांगितले आणि पुन्हा लिहायला लावली. रिपीटर आणखी किती वर्षे चालेल, हे त्या दुसऱ्या नोंदीवर बरेचसे अवलंबून आहे.