परवाना शुल्काचा मोह

१९९४ च्या धोरणाने दूरसंचाराची दारे खासगी कंपन्यांना उघडली, तरी मोबाईल श्रीमंतांच्याच खिशात राहिला. लिलावातील अवाढव्य बोलींचे परवाना शुल्क कंपन्यांना पेलवेना आणि मिनिटाला सोळा रुपयांपर्यंतचा दर ग्राहकाला परवडेना. वाजपेयी सरकारने १९९९ मध्ये ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा स्वीकारला. ‘कंपन्यांना खिरापत’ अशी ओरड झाली, ती व्हायचीच! पुढे २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले आणि रिक्षाचालक, प्लंबर यांचा धंदा फोनवर चालू लागला. केरळचे मच्छीमार तर त्याआधीच समुद्रातून बंदरांतील भाव विचारून नाव वळवीत होते. मात्र त्याच ‘उत्पन्ना’च्या व्याख्येवरून २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थकबाकीचा डोंगर उभा राहिला. आधीच रोडावलेली स्पर्धा तो आणखी किती सोसणार?