तहकुबीचा भुर्दंड कोणाच्या माथी?

खोल समुद्रात चाललेल्या जहाजाच्या धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन कोणत्या देशाच्या खात्यावर मांडायचा, हा प्रश्न १९९७ च्या क्योटो कराराला सोडवता आला नाही आणि त्यामुळे तो आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे, म्हणजे लंडनमध्ये मुख्यालय असलेल्या आणि जहाजांची सुरक्षितता व त्यांचे प्रदूषण यांविषयी नियम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे, सोपवण्यात आला. २०१५ च्या पॅरिस कराराने तर जहाजवाहतुकीचा उल्लेखही टाळला. अडचण खरी होती, कारण ज्या जहाजाचा मालक ग्रीक, नोंदणी लायबेरियाची, खलाशी भारतीय आणि माल चिनी, त्याच्या उत्सर्जनाची जबाबदारी राष्ट्रांच्या सीमांनुसार वाटून देता येत नाही. मात्र या अनाथ उत्सर्जनाचे प्रमाण किरकोळ नाही. संघटनेच्याच चौथ्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी २.८९ टक्के वायू जहाजांतून बाहेर पडला.

या पार्श्वभूमीवर जुलै २०२३ मध्ये सदस्यराष्ट्रांनी २०५० च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट एकमताने स्वीकारले आणि एप्रिल २०२५ मध्ये ते अमलात आणणारा आराखडा ६३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. पाच हजार टनांहून अधिक सकल टनभाराच्या प्रत्येक जहाजाने वापरलेल्या इंधनाची तीव्रता, म्हणजे ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे, इंधन तयार होण्यापासून ते जळेपर्यंत, किती हरितगृह वायू बाहेर पडले, हे मोजायचे आणि दरवर्षी खाली येणाऱ्या दोन मर्यादांशी ते ताडून पाहायचे. सैल मर्यादाही ओलांडणाऱ्या जहाजाला त्यापुढील प्रत्येक टनामागे ३८० डॉलर, तर दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यातील उत्सर्जनासाठी टनामागे १०० डॉलर भरावे लागणार होते. जमा होणारी रक्कम एका जागतिक निधीत जाऊन तिच्यातून स्वच्छ इंधन वापरणाऱ्यांना बक्षीस आणि विकसनशील देशांना संक्रमणासाठी साहाय्य मिळणार होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हा आराखडा अंतिम स्वीकृतीसाठी आला, तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्या देशांवर व्हिसाबंदी, बंदरशुल्क आणि निर्बंध लादण्याचे इशारे अमेरिकेने उघडपणे दिलेले होते. सौदी अरेबियाने बैठक वर्षभरासाठी तहकूब करण्याचा प्रस्ताव मांडला आणि तो ५७ विरुद्ध ४९ मतांनी संमत झाला. आराखडा फेटाळला गेला नाही, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी त्यात समाधान मानण्यासारखे फारसे काही नाही. जहाजाचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे असते, म्हणजे आज मागणी नोंदवलेले इंजिन २०५० पर्यंत समुद्रावर राहणार असते, आणि उद्याच्या इंधनाची किंमत काय असेल हे ठाऊक नसलेला मालक साहजिकच जुन्याच तेलाची निवड करतो, किंवा द्रवरूप नैसर्गिक वायूकडे वळतो, ज्यात इंजिनातून न जळताच निसटणारा मिथेन हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता धरून ठेवतो. शिवाय मुदतीच्या भाडेकरारात इंधनाचा खर्च मालक नव्हे तर भाड्याने घेणारा सोसतो. चांगल्या इंजिनासाठी पैसे एकाने घालायचे आणि बचत दुसऱ्याने खिशात टाकायची, अशी ही व्यवस्था असल्याने बाजार आपणहून सुधारेल ही आशा फोल आहे.

सर्वांना एकच नियम लावण्याचा आग्रहही याच उद्योगाच्या स्वरूपातून येतो, कारण एखाद्या देशाने कठोर नियम केले तर मालक जहाजाची नोंदणी दुसऱ्या देशात हलवतो. मार्शल बेटांचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण आहे. जगातील सर्वांत मोठ्या जहाज-नोंदण्यांपैकी एक त्यांच्या नावावर चालते, तिचा कारभार अमेरिकेतील व्हर्जिनियातून होतो, आणि वाढत्या समुद्रपातळीखाली बुडण्याचा धोका असलेली हीच बेटे प्रत्येक टनावर सरसकट आकारणी करा, असे संघटनेला वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. एप्रिलच्या मतदानात अनेक पॅसिफिक बेटे तटस्थ राहिली ती आराखडा दुबळा वाटला म्हणून, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तथापि समान नियम पाळला जातो, याचा दाखला उपलब्ध आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजी तेलातील गंधकाची कमाल मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली आणि तक्रारी करतकरतच साऱ्या ताफ्याने ती स्वीकारली. (गंधकाचे सूर्यप्रकाश परतवणारे कण घटल्याने तापमानवाढीला थोडी चालना मिळाली, हा त्या यशाचा अनपेक्षित पैलू, तिचे प्रमाण किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे.)

तहकुबीमुळे कार्बनला किंमत लागणे थांबलेले नाही, हा मुद्दा चर्चेत जवळपास दुर्लक्षित राहिला. युरोपीय संघाने २०२४ पासून जहाजांना आपल्या उत्सर्जन-व्यापार योजनेत आणले असून, या योजनेत प्रत्येक टनासाठी परवाना विकत घ्यावा लागतो आणि युरोपाबाहेरून येणाऱ्या फेरीतील निम्मे उत्सर्जन तीत धरले जाते. जहाज कंपन्या हा खर्च अधिभार म्हणून भाड्यात मिळवतात. म्हणजे न्हावाशेव्याहून रॉटरडॅमला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांच्या कंटेनरवर कार्बनची आकारणी आजच होते, आणि परवान्यांच्या लिलावाचे पैसे मुख्यतः युरोपीय सरकारांच्या तिजोरीत जातात. जागतिक निधीत किमान वाटा मागण्याचा हक्क भारतासारख्या देशांना मिळाला असता. म्हणून विकसनशील जगाच्या हितासाठी तहकुबी आवश्यक होती, हा युक्तिवाद आकडेमोडीत टिकत नाही: आकारणी राहिली, फक्त वाटा गेला.

भारताने एप्रिलमध्ये आराखड्याच्या बाजूने मत दिले होते, आणि ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ हे, म्हणजे ज्यांनी ऐतिहासिकदृष्ट्या अधिक प्रदूषण केले त्यांनी अधिक भार उचलावा हे, तत्त्व तो दीर्घकाळ मांडत आला आहे. ते तत्त्व दरात सवलत मागून नव्हे, तर निधीच्या वाटपाच्या सूत्रात साधले पाहिजे, कारण सवलतीचा फायदा सवलत मिळालेल्या देशात ज्याच्या जहाजाची नोंदणी आहे त्या परदेशी मालकाला होतो, तर वाटपाचा फायदा हरित अमोनिया भरून देऊ शकणाऱ्या बंदराला आणि ते विषारी इंधन हाताळण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या खलाशाला होतो. दुसरी मागणी युरोपकडे करावी लागेल. जागतिक व्यवस्था स्वीकारली गेल्यास आपल्या योजनेचा आढावा घेऊ, एवढेच युरोपीय कायदा म्हणतो. ती मागे घेण्याचे वचन त्यात नाही, आणि ते लेखी मिळवल्याखेरीज त्याच टनासाठी दोनदा पैसे मोजण्याची भीती निर्यातदारांच्या मनातून जाणार नाही.