स्वमग्न बालकांचे उपचार आणि पर्यवेक्षणाचा प्रश्न

चटईवर बसलेले चार वर्षांचे स्वमग्न मूल आणि त्याच्यासमोर वीस-बावीस वर्षांची तरुणी, हे दृश्य आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. मुलाने हव्या असलेल्या चेंडूकडे बोट दाखवावे, जमल्यास ‘दे’ म्हणावे आणि लगेच चेंडू त्याच्या हाती पडावा, हा क्रम ती तासन्‌तास न कंटाळता चालवते. तिला वर्तन तंत्रज्ञ म्हणतात. तिच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु बंद दाराआड ती जे करते, ते जाणत्या नजरेने पाहतो कोण?

समजा, मूल किंचाळले. तंत्रज्ञ भांबावली आणि तिने चेंडू देऊन टाकला. मूल शांत झाले. बाहेर बसलेल्या आईला हायसे वाटले. वस्तुतः त्या क्षणी मूल एवढेच शिकले, की किंचाळले म्हणजे चेंडू मिळतो. दुसरा दोष याहून सूक्ष्म असतो. मुलाचा हात धरून कृती करवून घेतली जाते, पण तो आधार टप्प्याटप्प्याने काढून घेतला जात नाही. मग मूल त्या हाताची वाट पाहत बसते. वहीत मात्र ‘दहापैकी आठ वेळा जमले’ अशी नोंद होते. ही चूक कागदावर उमटत नाही. शेजारी बसून पाहणाऱ्यालाच ती कळते.

या उपचारपद्धतीचा इतिहासही सावध करणारा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याला सुमारे 40 तास उपचार मिळालेल्या 19 मुलांपैकी 9 जणांनी लक्षणीय प्रगती केल्याचे नमूद होते. प्रत्यक्ष काम करणारे बहुतांशी विद्यार्थी होते. याच उपचारात मुलाच्या मांडीवर चापट मारणेही बसत असे! आज ते त्याज्य मानले जाते. जिच्या आरंभकाळी चापटीलाही शास्त्राची मान्यता होती, ती पद्धती नवशिक्या हातांत देखरेखीविना सोपविणे कितपत योग्य?

अमेरिकेतील वर्तन विश्लेषक प्रमाणन मंडळाने 2014 मध्ये नोंदणीकृत तंत्रज्ञाची श्रेणी निर्माण केली. त्यासाठी 40 तासांचे प्रशिक्षण लागते. महिन्यातील उपचाराच्या एकूण तासांपैकी किमान 5 टक्के काळ पर्यवेक्षण, दोन प्रत्यक्ष भेटी आणि त्यांतील निदान एका भेटीत मुलासोबतचे काम पाहणे बंधनकारक आहे. म्हणजे शंभर तासांत पाच तास. हे प्रमाण फार आहे असे नाही, आणि बाजारात किमान हीच कमाल मर्यादा ठरण्यास वेळ लागत नाही. तरीही नियम आहे, तो मोजता येतो.

याच मंडळाने 1 जानेवारी 2023 पासून भारतासह बहुतेक देशांतील नवे अर्ज घेणे थांबविले. संस्था त्यांची, निर्णय त्यांचा. त्याविषयी रुसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे 1992 चा भारतीय पुनर्वसन परिषद कायदा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत वर्तन विश्लेषकाचेही नाव आले. परंतु त्याच्या हाताखाली राबणाऱ्या त्या तरुणीचे काम कोणी, किती वेळा पाहावे, याचा मापदंड आपणच घडविला पाहिजे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. गाण्याच्या तालमीत गुरू समोर बसतो आणि चुकलेला सूर तेथल्या तेथे थांबवतो. शिष्याने घरी काय गायले याची वही तपासत नाही.

पर्यवेक्षक नेमल्यास शुल्क वाढेल, असे केंद्रचालक म्हणतात. ते खोटे नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाला आजचे शुल्कही जड जाते. म्हणूनच सेवासंस्थांना येथे मोठा वाव आहे. जिल्ह्यातील चार-पाच केंद्रांनी मिळून एक जाणता विश्लेषक नेमावा. त्याने आठवड्यातून एकेक दिवस प्रत्येक केंद्रात बसावे, तंत्रज्ञाचे काम पाहावे, तिला करून दाखवावे आणि नोंदवहीवर तारखेनिशी स्वाक्षरी करावी. ती वही पालकांना मागता क्षणी पाहावयास मिळावी.