अँजिओप्लास्टी झाली, पुढे काय?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी मोफत होते. रुग्ण अमरावती-अकोल्याहून गावी परततो. गोळ्या, चालणे, तंबाखू सोडणे ही खरी लढाई तिथे सुरू होते आणि तिथेच तो एकटा पडतो.

ब्रिटनमध्ये काय होते?
२०१९ पासून इंग्लंडच्या प्राथमिक आरोग्यसेवेत रुग्णांना परिसरातील व्यायाम गट, मंडळांशी जोडणारे खास कर्मचारी नेमले जात आहेत.

वऱ्हाडात काय आहे?
अनेक गावांत गुरुदेव सेवा मंडळ, बचत गट आहेत. आशाताई तिशीपुढच्यांचा तपासणी फॉर्म भरतातच.

मग अडते कुठे?
अडते ते जोडणीत. आयुष्मान आरोग्य मंदिराने डिस्चार्ज झालेल्यांची यादी ठेवावी, आशाताईंनी त्यांना गटाशी जोडावे. मात्र त्याचा मोबदला द्यावा. फुकटचे आणखी एक काम नको.